तिजोरी लालबागची, किल्ली कुणाची?

परवा रात्री साडेदहाला डॅलसहून भाच्याचा फोन आला. तिकडं दुपार होती, आणि तो मोकळा होता. "मावशी, तू बँकेत होतीस ना? मग तिजोरीतलं तुला कळत असणार." बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला तिजोरीतलं कळतं, असा एक समज घरोघर असतो. डॉक्टरच्या बायकोला औषधातलं कळतं, त्यातलाच तो. पण भाचा लाडका आहे, म्हणून ऐकून घेतलं.

त्यानं म्हणे घरात एक 'गन सेफ' घेतली आहे. कमरेपेक्षा उंच, काळीभोर, आकड्यांच्या कुलपाची. माझ्या पोटात गोळा आला. "अरे, बंदूक कधी घेतलीस?" तर तो हसायलाच लागला. बंदूक नाहीच. तिकडं बंदुका इतक्या घरांतून आहेत, की त्या ठेवायच्या तिजोऱ्या ढिगानं बनतात आणि म्हणून आकाराच्या मानानं त्याच स्वस्त पडतात. आत बायकोचं मंगळसूत्र, पाटल्या, चार पासपोर्ट, घराचे कागद आणि सत्यनारायणाची चांदीची भांडी. बंदुकीसाठी केलेल्या कप्प्यात पळी-पंचपात्र उभं आहे, हे ऐकून मला बरं वाटलं.

त्याचा प्रश्न निराळाच होता. त्याचे आईवडील, म्हणजे माझी ताई आणि भावोजी, लालबागच्या चाळीतून त्याच जागी झालेल्या मनोऱ्यात, बाविसाव्या मजल्यावर राहायला गेले आहेत. "तिथं अशीच एखादी तिजोरी बसवायची आहे. परवडणारी, पण चांगली. कुठली घेऊ?"

मी म्हटलं, बाबा रे, तू लालबागच्या घरासाठी डॅलसहून तिजोरीची चौकशी करतो आहेस. तिजोरी तर तुमच्या लालबागेतच जन्मली.

खरंच जन्मली. आर्देशीर गोदरेज हा शिकलेला वकील. वकिलीत खोटं बोलावं लागतं म्हणून तिच्यावर पाणी सोडून आलेला. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवून पाहिली. माल पसंत पडला, पण 'हिंदुस्थानात बनवलेला' हा शिक्का गिऱ्हाइकाला नको होता आणि यांना तो हवाच होता. तो धंदा तिथंच बसला. मग मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी त्याच्या वाचनात आली आणि १८९७ साली लालबागला गॅस कंपनीजवळच्या एका शेडमध्ये त्यानं कुलपं करायला घेतली. पाच वर्षांनी, १९०२ साली, पहिली तिजोरी. पोलादी कपाट आलं १९२३ साली. तेव्हापासून मराठी घरात कपाट कुठल्याही कारखान्याचं असो, ते 'गोदरेजचं कपाट'च असतं. लग्नाच्या यादीत तसं लिहिलं जायचं आणि वरपक्षाला तसंच समजायचं.

१४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, त्या आगीतही तिजोऱ्यांतले कागद शाबूत राहिले, अशी आठवण ती कंपनी सांगते. त्या जहाजावर दारूगोळा होता, कापूस होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. त्या विटा उडून कुठल्या कुठं गेल्या. माझे वडील तेव्हा गिरगावात शाळकरी होते. आकाशातून सोनं पडलं ही गोष्ट ते आम्हांला इतक्यांदा सांगत, की लहानपणी मी चाळीच्या गच्चीवर कोपरे धुंडाळलेले आहेत.

सांगायचा मुद्दा असा, की जिथं तिजोरी बनत होती त्या लालबाग-परळात ती घरात कुणाच्याच नव्हती. भावोजींचे वडील गिरणीत होते. ते रत्नागिरीकडून प्रथम आले तेव्हा गाळ्यात राहिले. एका खोलीत वीस-पंचवीस पुरुष, पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून एकाच वळकटीच्या जागेवर दोघे आळीपाळीनं झोपायचे. प्रत्येकाची भिंतीला एक खुंटी आणि भिंतीकडेला एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेला टिचभर कुलूप. किल्ली जानव्याला नाहीतर करगोट्याला. ते कुलूप दगडानं फुटलं असतं. पण खोलीत चोवीस तास कुणी ना कुणी जागा असे, तेव्हा दगड उचलणार कोण? पगार झाला की बराचसा मनिऑर्डरनं गावी जाई, त्यामुळे ट्रंकेत फारसं काही नसेच. पुढं बायका आल्या, बिऱ्हाडं झाली, ट्रंकेच्या तळाशी पुडीत बांधलेला डाग आला. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि महिन्यामागून महिने गेले, तेव्हा कितीतरी ट्रंकांच्या तळाच्या त्या पुड्या पेढीवर गेल्या. त्या कुणी चोरल्या नव्हत्या. घरच्याच हातांनी त्या काढल्या, आणि बहुतेक परत आल्या नाहीत.

आमच्या गिरगावातल्या चाळीतही कुलपापेक्षा उघड्या दाराचा भरवसा जास्त. दार दिवसभर उघडं, समोर गॅलरी, गॅलरीत एक तरी आजी तांदूळ निवडत बसलेली. अनोळखी माणूस जिना चढला, की तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चार ठिकाणी "कोण हवंय?" झाल्याशिवाय त्याला आमचं दार गाठता येत नसे. इतका कडक पहारा मी पुढं बँकेतही पाहिला नाही.

आणि तरीही आमच्याकडं चोरी झाली.

१९७४ सालची गोष्ट. मी चौदा वर्षांची होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी आईनं कपाट उघडलं, आतला खण उघडला, डबी काढली. डबी हलकी लागली. तिच्या चार बांगड्या आत नव्हत्या. कपाटाला ओरखडा नव्हता, खणाचं कुलूप लागलेलं होतं, किल्ली तिच्या जागी होती. ती जागा म्हणजे कपाटाच्या वरती, पसरलेल्या वर्तमानपत्राखाली. मराठी घरातल्या निम्म्या किल्ल्या तिथंच असतात. उरलेल्या कॅलेंडरमागं, देव्हाऱ्याच्या खणात आणि साखरेच्या डब्यात. ज्यानं नेल्या त्यानं किल्लीनं उघडलं, डबी परत मिटली, कुलूप लावलं आणि किल्ली वर्तमानपत्राखाली सरकवली. केव्हा? दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत केव्हाही. त्या अडीच महिन्यांत घरात पाहुणे होऊन गेले होते, रंगारी येऊन गेला होता, दूरच्या नात्यातला एक मुलगा परीक्षेसाठी आठ दिवस राहून गेला होता.

आणि अकरा वर्षं आमच्याकडं भांडी घासणारी बाई होती.

तिला कुणी काही म्हणालं नाही. आईनं तर नाहीच. वडिलांनी पोलिसांतही तिचं नाव घेतलं नाही. पण त्या दिवसापासून ती आली की घरातलं कुणीतरी उठून खोलीत जाऊन बसायचं. ठरवून नव्हे, आपोआप. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिनं ते ओळखलं. भांडी पालथी घातली, पदराला हात पुसले, "वहिनी, उद्यापासून जमणार नाही," म्हणाली, आणि गेली. महिन्याचे पैसेही न्यायला आली नाही. बांगड्या कुणी नेल्या ते आजतागायत आम्हांला ठाऊक नाही. आई जाईपर्यंत बांगड्यांबद्दल क्वचितच बोलली. त्या बाईबद्दल मात्र नेहमी.

म्हणून तिजोरीचा विषय निघाला, की मला सोन्याच्या आधी ती पालथी भांडी आठवतात. किल्ली नीट ठेवली नाही की संशयाला घर मोकळं मिळतं, आणि तो पहिल्यांदा बसतो तो घरातल्या सगळ्यांत गरीब माणसावर.

असो. भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं नाही. त्याला तिजोरी हवी होती, आणि त्यात त्याचं चुकतही नव्हतं. चाळ गेली तशी गॅलरीही गेली. मनोऱ्यात चार दारं, चारही बंद. खाली पहारेकरी आहे, कॅमेरे आहेत, पण बाविसाव्या मजल्यावर "कोण हवंय?" विचारणारी आजी नाही. ती आजी आता स्वतःच दाराआड आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. किल्ल्या हातात घेतलेल्या बायांचे हसरे चेहरे छायाचित्रांतून पाहताना आनंद झाला. तितकंच मनात आलं, की यांतल्या कितीतरी जणींना दार लावून घ्यायची सवय आता नव्यानं करावी लागणार.

"पण सोनं बँकेतच ठेवावं ना?" भाच्याचा पुढचा प्रश्न. ठेवावं. रोज लागत नाही ते सगळं बँकेतच ठेवावं. मात्र डोळे उघडे ठेवून. लॉकरमध्ये आपण काय ठेवलं आहे हे बँकेला ठाऊक नसतं, आणि तिनं ते विचारायचंही नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२१मधल्या निकालानंतर रिझर्व्ह बँकेनं नवे नियम केले आणि ते १ जानेवारी २०२२पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधली वस्तू गेली, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटींपर्यंत. भूकंप-पुरासारखा दैवी कोप असेल तर तीही नाही. आता हिशेब करा. भाडं वर्षाला चार हजार असेल, तर भरपाई फार तर चार लाख. सोन्याचा १० ग्रॅमचा भाव २०२५ साली लाखावर गेला. म्हणजे लाखाच्या भावानं धरलं तरी ४० ग्रॅम झाले. आजीची एक ठुशी आणि दोन पाटल्या. लॉकर सुरक्षित असतो यात वाद नाही, पण लॉकर म्हणजे विमा नव्हे. नोकरीत असताना काउंटरच्या अलीकडून हे मी कितीजणांना सांगितलं आणि कितीजणांनी "हो हो" म्हणत करारावर न वाचता सही केली, ते सांगत नाही.

तेव्हा घरात एक तिजोरी हवीच. रोजचं मंगळसूत्र, लग्नसराईत बाहेर काढलेला हार, थोडी रोकड, पासपोर्ट, मृत्युपत्र. कुठली घ्यावी? माझं उत्तर दुकानदाराला आवडण्यासारखं नाही. तिजोरी चोराला अडवत नाही, ती फक्त त्याचा वेळ खाते. बँकेच्या स्ट्राँगरूमचं दारसुद्धा किती मिनिटं टिकेल यावरच तोललं जातं. भाच्याची ती काळीभोर पेटी तिकडच्या नियमांत बहुधा 'घरगुती सुरक्षा पेटी' या वर्गात बसते. त्या वर्गाच्या पहिल्या पायरीची कसोटी काय, तर पेचकस, हातोडा, पहार घेऊन आलेल्या एका माणसापुढं पाच मिनिटं तग धरणं. पाच मिनिटं! ऐकून भाचा गप्प झाला. पण घरफोड्याला पाच मिनिटंही फार असतात, आवाज होत असेल तर त्याहून फार.

म्हणून पहिली गोष्ट वजनाची. बाजारात सात-आठ हजारांपासून ज्या सुबक पेट्या मिळतात, त्यांतल्या कित्येक दहा-पंधरा किलोंच्या असतात. नुसती कपाटात ठेवलेली अशी पेटी म्हणजे चोरासाठी सगळा ऐवज एकत्र बांधून ठेवलेला डबा. त्यानं ती फोडायची कशाला? शाळेच्या दप्तरात घालून नेईल आणि घरी जाऊन सावकाश उघडेल. अशा पेटीच्या तळाला आणि पाठीला भोकं असतात, ती शोभेची नाहीत. त्यांतून बोल्ट घालून ती पेटी जमिनीत किंवा पक्क्या भिंतीत आवळली तरच तिला तिजोरी म्हणायचं. नव्या मनोऱ्यांत खोल्यांमधल्या भिंती पुष्कळदा हलक्या ठोकळ्यांच्या असतात, त्यांत बोल्ट धरत नाही. खांब किंवा जमिनीचा स्लॅब पाहावा, आणि सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय भोक पाडू नये. कोपरा साधला तर उत्तम. दोन्ही बाजूंना भिंत असली की पहार घालायला वाव राहत नाही. याच्या उलट अडचण अजून उभ्या असलेल्या जुन्या चाळींची. गिरगावात सागवानी तुळयांवर फळ्यांच्या जमिनी आहेत. तिथं अडीचशे-तीनशे किलोंची अस्सल तिजोरी चढवली, तर ती चोराच्या हाती लागण्याआधी खालच्या बिऱ्हाडात उतरायची.

दुसरं, आग आणि चोर ही दोन वेगळी दुखणी आहेत. आगीपासून वाचवणाऱ्या तिजोरीच्या पत्र्यांत असा माल भरलेला असतो, की तापला की त्यातली ओल वाफ होऊन आतला कागद थंड ठेवते. म्हणून ती जाड असते, जड असते, आणि महाग. चोरासाठीच्या पेटीत हे काही नसतं. तिच्यात कागद जळतील, सोनं मात्र राहील. दुकानात विचारायचं ते एवढंच, की ही कशासाठी आहे आणि तसं कुठं लिहिलं आहे ते दाखवा. 'दोन्हींसाठी' असं नुसतं तोंडी उत्तर आलं, तर पुढच्या दुकानात जावं.

तिसरं कुलूप. आकड्यांचं कुलूप आतल्या सेलवर चालतं आणि सेल संपला तर उघडायला बरोबर एक किल्ली देतात. ती किल्ली पेटीतच ठेवणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. कारखान्यातून आलेला आकडा पहिल्याच दिवशी बदलावा. जन्मतारीख ठेवू नये. ती अख्ख्या नात्याला पाठ असते, तिच्या दिवशी केक कापलेला असतो. बोटाच्या ठशाचं कुलूप मुंबईच्या पावसाळ्यात आणि म्हाताऱ्या, भांडी घासून झिजलेल्या बोटांना दगा देऊ शकतं, हे लक्षात ठेवावं. स्वस्तातल्या काही पेट्यांची आतली कडी वरून गुद्दा मारला तर क्षणभर सुटते. दुकानातच बंद पेटीवर गुद्दा मारून पाहावा. दुकानदार रागावला तर रागावू दे.

बंदुकीचं राहिलं. तुमच्यापैकी कुणाकडं परवान्याचं शस्त्र असेल, तर त्याला मात्र वेगळी, फक्त त्याचीच पेटी हवी, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. २०१६च्या शस्त्र नियमांनी ते सुरक्षित ठेवायची हमी परवानाधारकाकडून घेतलेली आहे. आमच्या शाखेत पहारेकऱ्याची दुनळी बंदूक होती. ती संध्याकाळी स्ट्राँगरूममध्ये जाई. रोज आत ठेवताना तो ती मोडून, नळ्या डोळ्याला लावून आरपार पाही, मग मलाही दाखवी. सात वर्षांत एकदाही त्यानं हे चुकवलं नाही. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, रिकामी आहे हे मला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं, बघणं वेगळं."

स्ट्राँगरूमवरून आठवलं. १९८१ साली मी बँकेत लागले. पुढं अधिकारी झाले तेव्हा शाखेच्या स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडं आली. दुसरी हेडकॅशिअरकडं. दोघांच्या किल्ल्या लागल्याशिवाय दार उघडत नसे. एकट्याला उघडता येऊ नये, ही झाली अर्धी शहाणपणाची गोष्ट. उरलेली अर्धी, एकावाचून अडू नये, ही. म्हणून दुसरा जुडगा लाखेनं मोहरबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवलेला असे. आमच्या इमारतीत नाही, दुसऱ्याच ठिकाणी.

तर दिवसभर लाखोंच्या रोकडीची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची आणि संध्याकाळी दादरला घरी आले, की माझ्याच माहेरच्या पाटल्या घालायच्या तर मला सासूबाईंकडं किल्ली मागावी लागायची. "आई, जरा कपाटाची किल्ली देता?" त्या कंबरेची काढून द्यायच्या, आणि पाच मिनिटांनी "झालं का गं?" म्हणायच्या. वाईट नव्हत्या. त्यांनीही त्यांच्या सासूकडं अशीच मागितली होती. पुढं त्या अचानक गेल्या, तेव्हा कपाटातल्या आतल्या खणाची किल्ली कुठं आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तेराव्यानंतर किल्लीवाल्याला बोलावून तो खण उघडला. आत माझ्या पाटल्या होत्या आणि एका पुरचुंडीत त्यांच्या स्वतःच्या माहेरच्या दोन कुड्या. त्या मी त्यांच्या कानात कधीच पाहिल्या नव्हत्या.

म्हणून भाच्याला म्हटलं, तिजोरी तू कुठलीही घे, मानक ब्यूरोचा शिक्का असलेली, अंगापिंडानं जड, बोल्टानं आवळलेली. पण ती कुणाच्या नावानं घेतो आहेस? आत आहे ते बहुतेक ताईचं स्त्रीधन. मग आकडा तुझ्या बाबांनी ठरवायचा आणि तो तुला डॅलसला कळवायचा, हे कुठल्या बँकेत बसतं? तो म्हणाला, "मावशी, आईला ते बटणांचं जमेल का?" मी म्हटलं, तुझ्या आईला तुझा सगळा पाढा जमला, चार बटणं जमणार नाहीत?

गेल्या रविवारी तिजोरी आली. दोन माणसांनी लिफ्टमधून आणली, कोपऱ्यात बसवली, जमिनीला चार बोल्ट मारले. भावोजींनी ती हलवून पाहिली, हलली नाही, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. मग ताईनं चष्मा चढवला आणि आम्हां सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं. अडुसष्ट वर्षांची बाई, पुस्तिका वाचत, पुटपुटत एकेक बटण दाबत होती. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा आतून 'टक' आवाज आला. "वळा आता," ती म्हणाली. भावोजींनी हळूच विचारलं, "काय ठेवलास गं आकडा?" तर म्हणाली, "सांगीन की. घाई काय आहे?"

जादा किल्ली आणि आकड्याची चिठ्ठी तिनं एका पाकिटात घातली. मी जुन्या सवयीनं लाख मागितली. लाख आता कुठली असणार? मग पाकीट डिंकानं चिकटवून तोंडावर आम्ही दोघींनी आडव्या सह्या केल्या, तारीख घातली, आणि दुसरा जुडगा दुसऱ्या शाखेत या न्यायानं ते माझ्याकडं दादरला आलं.

घरी येऊन मी ते हातात घेऊन बराच वेळ कपाटापुढं उभी होते. कुठं ठेवावं? आतून आमच्या ह्यांचा आवाज आला, "अगं, ठेव ना कपाटावर, वर्तमानपत्राखाली."